आमच्या पोरांच्या हातात कोरणी, पण कोणत्या अटीवर?

"पोरीला शिकायला पाठवलंय का परत रापी धरायला?"

चेंबूरच्या बाजूच्या एका वस्तीत राहणाऱ्या आजोबांनी हा प्रश्न आम्हाला भर रस्त्यात विचारला. आजोबा चर्मकार समाजाचे. स्टेशनबाहेर बसून चाळीस वर्षे त्यांनी चपला शिवल्या. नात मराठी माध्यमाच्या शाळेत नववीला आहे. त्या शाळेत दर शनिवारी आम्ही तीन कार्यकर्ते कलाशिक्षकांच्या मदतीला जातो. त्या शनिवारी कोरताना नातीच्या डाव्या अंगठ्याला लागले होते आणि चिंधी बांधून ती घरी गेली होती. "माझ्या बापानं रापी धरली, मी धरली. पोरानं मोठ्या मुश्किलीनं सोडली. आता तुम्ही जय भीमवाले येऊन नातीच्या हातात हत्यार देता व्हय?"

आम्ही निरुत्तर झालो. समाजशास्त्राचे एम.ए. करताना जातिव्यवस्थेवर पानेच्या पाने लिहिली, पण अंगठ्याच्या चिंधीसमोर ती उपयोगाला आली नाहीत. नंतर आमच्याच चळवळीतल्या काही मित्रांनी दुसऱ्या बाजूने टोकले. पोरांची 'नीट'ची तयारी करून घ्या, इंग्रजी सुधारा, हे ठशांचे खेळ श्रीमंतांच्या शाळांना शोभतात! हा लेख त्या आजोबांसाठी आहे आणि या मित्रांसाठीही.

आधी आम्ही करतो काय ते सांगतो. विज्ञानाच्या तासाला मुले मूलद्रव्ये शिकतात. चित्रकलेच्या तासाला प्रत्येकाने आवर्तसारणीतले एक मूलद्रव्य निवडायचे, त्याची माहिती शोधायची, ते आपल्या जगण्यात कुठे भेटते ते पाहायचे आणि पोस्टकार्डाएवढ्या लिनोलियमच्या तुकड्यावर त्याचे चित्र, संज्ञा आणि अणुअंक कोरून छापायचे. ही कल्पना काही आमची नाही. २००७ साली ९६ छापचित्रकारांनी मिळून आवर्तसारणीची ११८ छापचित्रे तयार केली होती आणि तेव्हापासून अनेक देशांतल्या शाळांत असे प्रयोग होत आले आहेत. आम्ही फक्त ते आमच्या वस्तीत आणले.

आता आजोबांच्या प्रश्नाकडे येऊ, कारण तो हवेतून आलेला नाही. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी प्राथमिक शिक्षणाची एक योजना आणली. मुलांनी अर्धा वेळ शाळेत बसायचे आणि उरलेल्या वेळात आईबापाचा धंदा शिकायचा. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला कुलशिक्षण म्हणून उघडे पाडले, १९५४ मध्ये राजाजींना जावे लागले आणि योजनाही गुंडाळली गेली. त्याआधी १९३७ साली वर्ध्यात नई तालीम मांडली गेली. तिच्या केंद्रस्थानी हस्तोद्योग होता आणि चरखा होता. तिच्या हेतूवर आम्ही इथे वाद घालत बसत नाही, पण ज्यांच्या हातून पिढ्यान्‌पिढ्या फक्त हातकामच करून घेतले त्यांना हातकामाचे माहात्म्य सांगायला जाणे म्हणजे उपाशी माणसाला उपवासाचे फायदे सांगण्यासारखे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे काम शिकावे असे म्हटले आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली विश्वकर्मा योजना अठरा पारंपरिक व्यवसायांसाठी आहे, त्यात चपला शिवणारेही आले, आणि तिची मांडणीच गुरू-शिष्य परंपरा व कुटुंबाचा पिढीजात व्यवसाय या भाषेत झाली. योजना अठरा वर्षांवरील लोकांसाठी आहे हे खरे. पण अठरा वर्षांचा मुलगा कॉलेजात असायला हवा की बापाच्या ठेल्यावर?

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या भाषणात याच जागी बोट ठेवले होते. जात म्हणजे कामाची वाटणी, असे जे समर्थक सांगत त्यांना त्यांनी उत्तर दिले की जात कामाची नव्हे, काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी करते, त्यांना एकमेकांपासून तोडते आणि एकाच्या डोक्यावर दुसऱ्याला बसवते. या वाटणीत एका बाजूला हात गेले आणि दुसऱ्या बाजूला पोथी गेली. चामडे कमावणाऱ्याला रसायन कळत होते, पण त्याला कोणी रसायनज्ञ म्हटले नाही. ज्याला शास्त्री म्हटले त्याने चामड्याला हात लावला नाही. या देशात प्रयोगशाळा इतक्या उशिरा का उभ्या राहिल्या याचे उत्तर शोधणाऱ्यांनी या दोन वाक्यांपाशी जरा थांबावे.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे की हातात कोरणी देणे हा गुन्हा नाही. डोके काढून घेऊन कोरणी देणे हा गुन्हा आहे. आणि जे मित्र कोरणीच नको म्हणतात, त्यांनी नकळत मनूचीच मोजपट्टी उचलली आहे, की हाताचे काम खालचे आणि पाठांतर वरचे. आमचा शिकला-सवरलेला वर्गही या आजारातून सुटलेला नाही. घरात नळ बिघडला की "प्लंबरला बोलव" म्हणताना त्याचा आवाज कसा बदलतो ते ऐका.

लिनोलियम म्हणजे काय हेही सांगायला हवे, कारण मुलांना त्यातच पहिला धक्का बसला. ही जमिनीवर अंथरायची चीज आहे. १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टन यांनी तिचे पेटंट घेतले. जवसाचे तेल हवेत घट्ट होते, त्यात बुचाच्या झाडाच्या सालीचा भुगा, लाकडाचा भुसा, राळ आणि चुनखडीची पूड मिसळायची आणि ते तागाच्या कापडावर लाटायचे. जवस आमच्या विदर्भात पिकतो, त्याची चटणी आम्ही भाकरीबरोबर खातो. पायाखाली टाकायच्या वस्तूवर चित्र निघते हे समजल्यावर एक पोरगा म्हणाला, "म्हणजे आपल्यासारखंच आहे की हे." आम्ही हसलो आणि मग हसू आवरले.

काम असे चालते. तुकडा थोडा वेळ उन्हात ठेवला की मऊ पडतो. चित्र पेन्सिलीने काढायचे आणि जे पांढरे राहायला हवे ते कोरून काढायचे, म्हणजे जे उरते तेच छापले जाते. कोरणी नेहमी अंगापासून दूर ढकलायची आणि दुसरा हात पात्याच्या मागे ठेवायचा. अंगठ्याची जखम हा नियम मोडल्याने झाली आणि त्यात चूक आमची, कारण चाळीस मुलांवर आम्ही चारच मोठी माणसे होतो. आता एका वेळी दहाच मुले कोरतात, बाकीची चित्र काढतात किंवा छापतात. मग रोलरने शाई लावायची, वर कागद ठेवायचा आणि स्टीलच्या डावाच्या पाठीने घासायचे. छापायचे यंत्र लागत नाही. सगळ्या वर्गाचा खर्च आमच्या तिघांच्या महिन्याच्या चहापाण्यात भागला.

सगळ्यात मोठी गंमत अक्षरांची होते. ठसा उलटा उमटतो. पहिल्याच दिवशी एकाने मोठ्या हौसेने 'जय भीम' सरळ कोरले आणि कागदावर ते उलटे आले, तेव्हा वर्गभर हशा पिकला. त्यातून मुलांनी स्वतःच एक शोध लावला. हायड्रोजनचा एच आणि ऑक्सिजनचा ओ सरळ कोरा नाहीतर उलटे कोरा, छाप सारखाच येतो! गंधकाच्या एसने मात्र तीन जणांना रडवले. आणि काळी शाई म्हणजे मुख्यतः काजळी, काजळी म्हणजे कार्बन. मूलद्रव्य कोणतेही निवडा, कागदावर उमटते ते कार्बननेच. हे विज्ञानाच्या बाईंनी सांगितल्यावर कार्बन निवडलेला मुलगा आठवडाभर ऐटीत फिरत होता.

आता त्या नातीकडे येऊ. तिने क्रोमियम निवडले होते, अणुअंक २४. निवडायचे कारण साधे होते, आजोबांच्या तोंडी 'क्रोम' हा शब्द तिने लहानपणापासून ऐकला होता. क्रोमियमच्या क्षारांनी कातडे एका दिवसात कमावले जाते आणि ते निळसर दिसते. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमवायचे तर आठवडे लागतात आणि रंग तांबूस येतो. कोल्हापुरी चप्पल या दुसऱ्या प्रकारच्या चामड्याची. हे तिने पुस्तकात वाचले नाही, आजोबांना विचारले. रागावलेले आजोबा दोन दिवस बोलले नाहीत आणि मग रात्री उशिरापर्यंत बोलत बसले. कुठले चामडे पाण्यात फुगते, कुठले चुरगळले तरी सरळ होते, कशाचा वास कसा. तिने त्यांना सांगितले की या धातूला नाव ग्रीक भाषेतल्या रंग या शब्दावरून मिळाले, कारण त्याचे क्षार नाना रंगांचे असतात, आणि त्याचा एक प्रकार चामड्याला लागतो तर दुसरा पाण्यात उतरला की माणसाला मारतो. आजोबांनी चाळीस वर्षे ज्याला हात लावला त्याचा अणुअंक त्यांना नातीकडून कळला. पुढच्या शनिवारी ते शाळेच्या फाटकापर्यंत आले. तिने कोरलेली रापी पाहून म्हणाले, "पातं असं उभं नसतंय, आडवं धरत्यात." तिने नवा तुकडा घेऊन पुन्हा कोरले. अंगठ्याचा विषय त्यांनी काढला नाही. आम्ही मात्र माफी मागितली.

राजाजींच्या योजनेत याच नातीने आजोबांकडून रापी शिकली असती आणि तिथेच थांबली असती. इथे आजोबांचे ज्ञान शाळेत आले, त्याला नाव आणि अंक मिळाला आणि मुलगी पुढे कुठेही जायला मोकळी राहिली. आजोबांच्या प्रश्नाला आमच्याकडे एवढेच उत्तर आहे.

एका मुलीने लोखंड घेतले. तिला आम्ही सांगितले की मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी फुटक्या भांड्यांत जेवावे आणि दागिने लोखंडाचेच घालावेत अशी आज्ञा आहे. कोणी कोणते मूलद्रव्य अंगावर घालायचे हे सुद्धा धर्मशास्त्र ठरवत होते! तिने लोखंडी कडे घातलेला हात काढला आणि त्या हातात जळते पुस्तक. २५ डिसेंबर १९२७, महाड. तारीखही उलटी कोरली, एकही आकडा न चुकता.

सोडियमवरून वर्गात जुंपली. कलाशिक्षकांनी लिनोकटचा नमुना म्हणून नंदलाल बोस यांचे १९३० चे प्रसिद्ध चित्र दाखवले होते, काठी घेऊन दांडीला निघालेले गांधी. चित्र उत्तमच आहे. काळ्या जागेवर मोजक्या पांढऱ्या रेषा. एका मुलाने लगेच मीठ म्हणून सोडियम घेतले. त्यावर दोन मुलींनी मिळून पाणी घेतले. हायड्रोजनचा एकच ठसा दोनदा छापायचा आणि ऑक्सिजनचा एकदा, मध्ये ओंजळ. खाली २० मार्च १९२७, चवदार तळे. मिठाच्या तीन वर्षे आधी पाणी! आणि दांडीयात्रा १२ मार्च १९३० ला निघाली, त्याच्या दहा दिवस आधी, २ मार्चला, नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. एक प्रत्येक पाठ्यपुस्तकात चित्रासह येतो, दुसऱ्याला किती ओळी मिळतात हे वाचकांनी आपल्या मुलांच्या पुस्तकात मोजून पाहावे. आम्ही दोन्ही चित्रे शेजारी शेजारी लावली. मिठाशी आमचे वैर नाही.

एका मुलाने विचारलेला प्रश्न मात्र आम्ही विसरू शकत नाही. भिंतीवरचा तक्ता बघत तो म्हणाला, "सर, ही पण जातच की. प्रत्येकाचा खाना ठरलेला." वरवर पाहिले तर खरेच तसे दिसते. त्यात एक कोपरा असा आहे की हेलियम, निऑन, आर्गॉन ही मंडळी कोणाशी मिसळत नाहीत, आणि मराठीत त्यांना राजवायू म्हणतात. कोणाशी सोयरीक न करणारा तो श्रेष्ठ, हे नाव युरोपात पडले तरी आपल्याकडे ते ओळखीचेच वाटते. १९१६ च्या निबंधात बाबासाहेबांनी सजातीय विवाह हेच जातीचे मूळ असल्याचे दाखवले होते. पण फरक असा आहे. मूलद्रव्याची जागा मोजून ठरते, १९१३ मध्ये मोजलीने क्ष-किरणांनी मोजून दाखवली. कोणी म्हटले म्हणून ती ठरत नाही. २४ नंबर १६ नंबरच्या डोक्यावर बसत नाही. आणि मोजणी चुकली असे दिसले तर तक्ता बदलतात. १९६२ साली कॅनडात नील बार्टलेट यांनी झेनॉनचे संयुग बनवून दाखवले आणि राजवायूंचा सोवळेपणा संपला. विज्ञानाने नियम चुकला म्हणून कबूल केले. मनुस्मृतीची सुधारित आवृत्ती कोणी पाहिली आहे का? त्या मुलाने झेनॉन घेतला. चित्रात लग्नाचे हार काढले, नवरा-नवरी काढली नाहीत. कलाशिक्षकांना ते अपुरे वाटले, आम्हाला पुरेसे वाटले.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो. एन.सी.ई.आर.टी.ने दहावीच्या विज्ञानातून मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचा धडा काढून टाकला, त्याच छाटणीत डार्विनचा उत्क्रांतिवादही गेला. अकरावीत तो धडा आहे, असे उत्तर मिळते. अकरावी विज्ञानाला कोण जाते? दहावीनंतर ज्याला काम धरावे लागते किंवा फी परवडत नाही म्हणून जो दुसऱ्या शाखेला जातो, त्याला हा तक्ता आयुष्यात पुन्हा दिसणार नाही. महाराष्ट्र मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात तो आहे, म्हणून आमच्या वर्गात हे सगळे घडू शकले.

आणि कलेचे काय? शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत लिहिले आहे की सहावी ते आठवीच्या शाळेत शंभरावर मुले असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक हवेत. आपल्या वस्तीच्या शाळेत जाऊन विचारा, ते कुठे आहेत. मोठ्या फीच्या शाळांत हेच लिनोलियम 'क्रिएटिव्हिटी' म्हणून येते, पालकांना प्रदर्शनाचे आमंत्रण जाते. आमच्या शाळेत हातकाम आले तर ते 'कौशल्य विकास' म्हणून, म्हणजे पुढे नोकर होण्याची तयारी म्हणून येते. तीच कोरणी, तोच हात, पण नाव कोणाच्या हातात आहे त्यावरून बदलते.

वास्तविक लिनोकट हे गरिबांनी आपलेसे केलेले माध्यम आहे. १९२० च्या दशकात लंडनमध्ये क्लॉड फ्लाइट म्हणत की हे चित्र सिनेमाच्या तिकिटाच्या किमतीत मिळायला हवे. एलिझाबेथ कॅटलेट या कृष्णवर्णीय चित्रकर्तीने मेक्सिकोत राहून शेतमजूर स्त्रियांचे चेहरे कोरले. वर्णभेदाच्या काळात दक्षिण आफ्रिकेतल्या रोर्कस ड्रिफ्टमध्ये शिकलेले जॉन मुआफांगेजो चित्राच्या आतच आपले म्हणणे अक्षरांत कोरत. आणि आपल्या मुंबईत, अंधेरीला, चित्तप्रसाद राहत होते. ब्राह्मण आडनाव त्यांनी टाकून दिले आणि काम करणाऱ्या लहान मुलांची लिनोचित्रे काढली. नागपूरच्या सवी सावरकरांनी अस्पृश्याच्या गळ्यातले मडके धातूच्या पत्र्यावरून छापले. मुलांना ही नावे आधी दाखवायला हवी होती, नंदलाल बोस नंतर. ही आमचीच चूक.

राहिले गंधक. अणुअंक १६. ज्या मुलाने ते घेतले त्याचे वडील ठेकेदाराकडे गटारसफाईला जातात. त्याने वरून पाहिलेले मॅनहोल काढले, गोल तोंड, आत उतरत जाणाऱ्या लोखंडी पायऱ्या, चौथ्या पायरीनंतर फक्त काळे. विज्ञानाच्या बाईंनी समजावले होते की गटारात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. थोडा असेल तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास येतो, आणि प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते, म्हणून उतरलेल्याला वाटते की आता धोका नाही. मुलाने हे घरी वडिलांना सांगितले. वडिलांना वास जातो हे माहीत होते, का जातो हे माहीत नव्हते. त्यांना कोणी कधी सांगितलेच नव्हते. २०१३ चा कायदा अशी सफाई हाताने करवून घ्यायला बंदी घालतो, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला दहा लाख आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख भरपाई ठरवली. भरपाईचा आकडा वाढला, पण माणसे उतरतातच.

मुलांची सगळी चित्रे शाळेच्या जिन्यात लावली होती. तपासणीला अधिकारी येणार म्हणून आदल्या दिवशी एक चित्र काढले गेले. "दर्शनी भागात गटार नको," एवढेच कारण सांगण्यात आले. तिथे सूर्यफुलाचे चित्र लावले. आम्ही कार्यालयात जाऊन बोललो, आवाजही चढला, आणि शनिवारचे येणे बंद होईल की काय अशी वेळ आली. चित्र परत लागलेले नाही. आम्ही लेखी अर्ज दिला आहे, त्याची पोच आमच्याकडे आहे.

मुलगा मात्र फारसा रागावलेला दिसला नाही. ठसा त्याच्या दप्तरातच होता. रविवारी विहारात सतरंजी गुंडाळून त्याने फरशीवर शाई ओतली, आईकडून डाव मागून आणला आणि दुपारपर्यंत बावीस प्रती काढल्या. एक त्याने वडिलांच्या ठेकेदाराच्या ऑफिसच्या दारात सरकवली असे ऐकतो. एक आमच्याकडे आहे. बाकीच्या वस्तीत दोरीवर वाळत आहेत, कारण जवसाच्या तेलाची शाई वाळायला चार-पाच दिवस घेते.